मार्थाताईंच्या उजव्या हाताला

आमच्या मंत्रालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराचा सायकल स्टँड होता. शिपाई, दफ्तरी, कॅन्टीनवाले यांच्या काळ्या, उंच दांडीच्या सायकली तिथे एकमेकींना टेकून उभ्या असत आणि त्यांच्यात एकच हिरवी लेडीज सायकल, पुढे वेताची बास्केट लावलेली. ती मार्था साळवे यांची. पदाने सेक्शन ऑफिसर. त्यांच्या बरोबरीचे सगळे स्कूटरवर नाहीतर चार्टर्ड बसने यायचे. मार्थाताई मयूर विहारहून यमुनेचा पूल ओलांडून सायकलने यायच्या, कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्यात लूचे गरम वारे वाहत असले तरीही. निऱ्या घोट्याजवळ एका मोठ्या सेफ्टी पिनेने आवळलेल्या, पायात कॅन्व्हासचे बूट आणि थंडीत साडीवर पुरुषी लोकरी कोट.

एकदा मुख्य फाटकावर नवा पहारेकरी आला होता. त्याने हात आडवा केला. "साइकिल पीछे के गेट से, मैडम. ये गेट अफसरों का है."

"मग अफसरच आली आहे," मार्थाताई मराठीत म्हणाल्या आणि घंटी वाजवून आत गेल्या. रागावल्या की त्या मराठीत बोलत. समोरच्याला शब्द कळत नसत, पण अर्थ पोचायचा. तो पहारेकरी पुढे त्यांना रोज सलाम ठोकायचा आणि त्या त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या, ती मात्र हिंदीत.

मी त्या खात्यात असिस्टंट म्हणून लागले तेव्हा पंचविशीची होते. त्या पन्नाशीला आलेल्या. उंच, सडपातळ, केस तेल लावून घट्ट अंबाड्यात बांधलेले, आवाज जरा घोगरा. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. तरुणपणी दिल्लीत आल्या तेव्हा मुनिरकात एका जाटाच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिल्या. पुढे मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट मिळाला. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. फाइलवर त्या दोन-तीन ओळींचा शेरा लिहीत. लांबलचक टिपण घेऊन कुणी आलं की चष्म्यावरून बघून म्हणत, "एवढं लिहावं लागलं म्हणजे विषय तुम्हाला कळलेला नाही. जा, कळून या."

माझे आईवडील त्याच सोसायटीत राहत, म्हणून आमचं घरोब्याचं नातं झालं. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जायचं आणि नाताळात ते तसंच भरून परत यायचं. चकल्या त्यांच्या जास्त खुसखुशीत असत, हे आई मान्य करत नसे, पण पहिली चकली तीच उचलायची.

मी दिल्लीतच वाढलेली. घरी मराठी बोलायचे, पण ती म्हणजे हिंदी वाक्याला मराठी शेपूट जोडलेली. एकदा ऑफिसातून निघताना मी म्हणाले, "मार्थाताई, तुम्ही पुढे व्हा, मी पंक्चर बनवून येते."

त्या थांबल्या. "पंक्चर बनवतेस? आहे ते कमी आहे का? पंक्चर काढतात, नीलू."

असे शब्द त्या चालता चालता दुरुस्त करत, भाजीवालीने खराब टोमॅटो बाजूला टाकावा तशा सहज. मला राग यायचा नाही. उलट पुढच्या वेळी तो शब्द बरोबर आला की मी त्यांच्याकडे चोरून बघायची.

सायकलची सवय मला त्यांनीच लावली. रविवारी सकाळी त्या आमच्या दाराशी उभ्या राहत आणि "चल" एवढंच म्हणत. आम्ही यमुनेच्या बंधाऱ्यावरून, कधी नोएडाच्या बाजूला तेव्हा असलेल्या शेतांमधून जायचो. त्या वेगात चालवत नसत, पण थांबतही नसत. दिल्लीबद्दल त्यांची एकच तक्रार होती, की इथे चढ-उतार नाही. "अख्खं शहर ताटासारखं सपाट. पायाला कळतच नाही आपण कुठे आलो ते."

मग वडिलांचं निघायचं. त्यांचे वडील मिशनच्या शाळांवर देखरेख करायचे. नगर, राहुरी, पाथर्डीकडची खेडी ते सायकलने पालथी घालायचे आणि सुट्टीत मार्थाताई मागे कॅरिअरवर. उन्हाने करपलेली माळरानं, दूरवर एखादं बाभळीचं झाड आणि समोरून वारा. "अण्णा चढावर उतरायचे, मला मात्र उतरू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू बस, तू बसलीस म्हणून मला ढकलायला काहीतरी आहे." हे सांगताना त्या सायकल चालवत असल्या तर वेग आपोआप कमी व्हायचा.

त्यांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला एकदा बंधाऱ्यावर शेंगदाणे खाताना सांगितली. दिल्लीहून घरी, नगरला, सायकलने जायचं. त्या दरवर्षी जायच्याच, पण आगगाडीने. "गाडीत झोपते आणि उठते तेव्हा मनमाड आलेलं असतं. मधलं सगळं मी कधी पाहिलेलंच नाही, नीलू. एवढी वर्षं जा-ये करते आणि रस्ता माहीत नाही मला."

जम्मूचे एक बक्षी सर होते, कॉलेजात खेळ शिकवून निवृत्त झालेले. ते दर काही वर्षांनी जम्मू ते कन्याकुमारी अशी सायकल यात्रा काढायचे. दहा-बारा जण आणि सामानाला एक मेटाडोर. त्या वर्षी त्यांचा रस्ता दिल्ली, इंदूर, धुळे, मनमाड असा नगरवरून जाणार होता. मार्थाताईंनी साठवलेली रजा एकदम टाकली. आमचे उपसचिव म्हणाले, "मैडम, इस उमर में?" मार्थाताई म्हणाल्या, "हां सर, इसी उमर में. अगली उमर का भरोसा नहीं है."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. त्या वाक्यात काय होतं ते मला पुढे पानिपतला कळलं.

जानेवारी सरता सरता त्या रेल्वेने जम्मूला गेल्या, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून. ती हिरवी नव्हे. यात्रेसाठी त्यांनी गिअरची नवी सायकल घेतली होती. अधूनमधून एखाद्या बूथवरून फोन यायचा. पठाणकोट, जालंधर. आवाज खणखणीत. मग एका संध्याकाळी कर्नालहून फोन आला आणि या वेळी आवाज जरा खाली होता.

"नीलू, उद्या शनिवार आहे. दुपारच्या बसने पानिपतला ये. सायकल बसच्या टपावर टाक. परवा माझ्याबरोबर दिल्लीपर्यंत चालव."

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे. ये तू. आणि ऑफिसात कुणाला बोलू नकोस."

पानिपतला ही मंडळी एका धर्मशाळेत उतरली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना चादरी आणि ब्लँकेटांची दुकानं. मार्थाताई साडीऐवजी सलवार-कमीज घालून ओट्यावर चेनला तेल देत बसल्या होत्या. उन्हाने चेहरा रापला होता, गालफडं वर आली होती, पण इतकं ताजंतवानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. यात्रेतल्या एका तरुणाने मला विचारलं की तुम्ही मराठी लोक इथे आलात म्हणजे लढाईची जागा बघायला जाणार असाल. मार्थाताईच बोलल्या, "दिल्लीत आमचा कुणी पाहुणा आला की त्याला पानिपतला आणून रडवायची पद्धत आहे. मी सहा-सात जणांबरोबर येऊन रडून झाले. या वेळी मला फक्त रस्ता बघायचाय." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बस इथे. सांगते."

त्यांना काचबिंदू होता. मागच्या पावसाळ्यात कळलं आणि तेव्हाच उशीर झालेला होता. डोळ्यांतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाहीसं होतं आणि नाहीसं झालंय हे कळतसुद्धा नाही. औषधाच्या थेंबांनी फार तर वेग कमी होतो. गेलेलं परत येत नाही.

"उजव्या डोळ्याची बाजू गेलीय," त्या म्हणाल्या. साखर संपलीय म्हणावं तशा. "डावा बरा आहे. लुधियानाच्या पुढे एक ट्रॅक्टर उजवीकडून इतका जवळून गेला की माझ्या बाहीला ऊस घासला. मला तो आल्याचं कळलंच नाही. बक्षींना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मेटाडोरमध्ये बसवतील. उद्याचा रस्ता फार वाहता आहे, दिल्ली जवळ येत जाते तसा जास्तच. तू माझ्या उजव्या हाताला राहा. मागून काय येतंय, समोरून काय येतंय, बोलत राहा. दिल्लीच्या पुढे रस्ते मोकळे होतील, मग मी बघेन माझं."

मी विचारलं, "आणि डॉक्टर काय म्हणाले? यात्रेला?"

"त्यांना मी विचारलंच नाही," मार्थाताई म्हणाल्या. "त्यांनी नाही म्हटलं असतं."

सकाळी धुकं विरेपर्यंत थांबून आम्ही निघालो. बाकीचे पुढे गेले. बक्षी सर जाताना म्हणाले, "मैडम, आज तो आपका अपना शहर है, आराम से आइए." त्या वेळचा जीटी रोड आजच्यासारखा पूल आणि कठड्यांनी बांधलेला नव्हता. दोन्ही बाजूंना सफेद्याची, म्हणजे निलगिरीची झाडं, त्यामागे मोहरीची पिवळी शेतं, मध्ये मध्ये ऊस. गुऱ्हाळांचा गोडसर धूर रस्त्यावर आलेला. मी त्यांच्या उजवीकडे, अर्धं चाक मागे. ट्रक माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून जायचे आणि मी बोलत होते.

"ट्रक येतोय. गेला. आता बस, हरियाणा रोडवेज. पुढे ट्रॉली खडी आहे."

"खडी नाही. उभी आहे."

"उभी आहे. तिच्या पुढे गड्ढा आहे."

"खड्डा."

"मार्थाताई, तेवढ्यात आपण त्यात पडू."

त्या हसल्या. खरंच हसल्या, मान मागे टाकून, आणि मला धडकीच भरली, कारण त्या वेळी त्यांना समोरचंही दिसत नसणार.

समालखा मागे पडलं. मला बोलायची लय सापडली होती. नुसत्या गाड्याच नव्हे, बाजूचंही मी सांगू लागले, कारण उजवीकडचं सगळंच त्यांच्यासाठी नव्हतं. विटांची भट्टी आहे, तीन चिमण्या. बाई शेणी थापतेय. एक म्हातारा खाटेवर बसून हुक्का ओढतोय, त्याच्या शेजारी तसाच दुसरा म्हातारा. त्या मध्येच विचारायच्या, "मोहरी फुलावर आहे की शेंग धरलीय?" मला तेवढं कळत नव्हतं. मी म्हणायची, "पिवळी आहे." "फुलावर आहे मग," असं म्हणून त्या समाधानाने पुढे बघायच्या. त्या सकाळी मी जितकं मराठी बोलले तितकं आयुष्यात कधी सलग बोलले नव्हते. शब्द नसला की मी हिंदी टाकायची, त्या मराठी द्यायच्या आणि रस्ता पुढे सरकायचा.

मुरथळला ढाब्यावर थांबलो. लोकांपुढे लोण्याचे गोळे घातलेले पराठे आणि आमच्यापुढे मार्थाताईंच्या पिशवीतले गूळ-शेंगदाणे. पराठा खाल्ला की पाय झोपतात, असं त्यांचं मत होतं. शेवटी एक पराठा मागवून आम्ही दोघींनी अर्धा-अर्धा खाल्ला. खाताना त्या नगरच्या घराचं बोलत होत्या. धाकट्या भावाला त्यांनी कळवून ठेवलं होतं. सगळ्या यात्रेला तिथे मुक्काम, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "राहुरीच्या पुढे समोरून वारा लागेल. तिथे मी सगळ्यांच्या पुढे राहणार आहे. बक्षींना दाखवते."

मुरथळच्या पुढे तासाभराने ते घडलं.

रस्ता जरा रिकामा होता. मी उजवीकडे बघत होते, कारण एक भरलेला ट्रक दुसऱ्याला ओलांडून समोरून येत होता. "ट्रक आहे, कडेला घ्या," मी म्हणाले. त्यांनी कडेला घेतली. तेवढ्यात डावीकडच्या शेताच्या पायवाटेवरून एक बाई डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्यावर आली. ती धावत आली नव्हती. भाऱ्याखाली माणसं चालतात तशी सावकाश, मान ताठ ठेवून आली होती. ती चांगली चार पावलं आधीपासून दिसत होती. मला दिसली तेव्हा मला वाटलं मार्थाताई ब्रेक लावतील. त्यांनी लावला नाही. त्या सरळ तिच्यावर गेल्या.

भारा सुटून रस्ताभर चारा पसरला. बाई बसल्यासारखी खाली पडली आणि मार्थाताई सायकलीसकट तिच्या पलीकडे. मी दोन्ही सायकली ओढून कडेला घेतल्या. बाई साठीची असेल. कोपर सोलपटलं होतं, रक्त येत होतं. उठता उठता ती ओरडली, "आँख फूट री सै के तेरी?"

मार्थाताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या तळहाताची साल निघाली होती. त्या म्हणाल्या, "हां माई. यही बात है."

ते अगदी शांतपणे म्हटलं गेलं. बाईने मार्थाताईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मार्थाताईंनी आपल्या पिशवीतून औषध काढलं, तिचं कोपर पाण्याने धुतलं, रुमाल बांधला. बाई मान खाली घालून हात पुढे करून बसली होती. "डॉक्टर को दिखाई?" तिने विचारलं. "दिखाई, माई," मार्थाताई म्हणाल्या. मग आम्ही तिघींनी मिळून चारा गोळा केला, भारा बांधला आणि मी आणि मार्थाताईंनी तो दोन्ही बाजूंनी धरून तिच्या डोक्यावर चढवला. जाताना ती मार्थाताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घर जा बेटी." वयाने दोघींत फारसं अंतर नसेल.

ती गेल्यावर मार्थाताई मैलाच्या दगडावर बसल्या. डावा तळहात त्यांनी चेहऱ्यापासून बाजूला नेला आणि समोर बघत तो हळूहळू पुढे आणू लागल्या. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"डावाही गेला की गं," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं तो आहे."

मी त्यांच्या हातावरची खडी झटकत राहिले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्या म्हणाल्या, "मी मेले असते तर गोष्ट वेगळी. ती म्हातारी मेली असती तर? तिला काय सांगायचं होतं, मला नगरला जायचंय म्हणून?"

"आपण बक्षी सरांना सांगू. सगळे मिळून तुमच्या दोन्ही बाजूंना..."

"नाही. माझ्यासाठी दोन माणसं रोज ट्रकच्या बाजूने चालवणार? आज तुला चालवलं तेच जास्त झालं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि उठल्या. "चल. बॉर्डरपर्यंत मी तुझ्या मागे येते. तुझ्या मागच्या चाकाकडे बघेन फक्त. हळू चालव. हात वर केलास की थांबेन."

तिथून पुढचा रस्ता मी मागे न बघता चालवला. मागून त्यांच्या साखळीचा आवाज यायचा, तो ऐकू येतोय ना याकडेच सगळं लक्ष. एकदा त्यांनी मागून विचारलं, "डावीकडे काय आहे?" मी म्हणाले, "शेत. फुलावर आहे."

दिल्लीच्या हद्दीवर त्या स्वतःच उतरल्या. फ्लॉवरचे गड्डे भरून आझादपूर मंडीला निघालेला एक टेम्पो चहासाठी थांबला होता. ड्रायव्हरने आम्हाला आणि सायकलींना मागे घेतलं, आणि मंडीत माल उतरवून यमुनेपलीकडेही आणून सोडलं. फ्लॉवरच्या ढिगावर पाय लांब करून मार्थाताई उलट्या दिशेने, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मी रडत होते ते त्यांना दिसलं नाही. मी त्यांच्या उजवीकडे होते.

सोसायटीच्या फाटकाच्या आधी एका वळणावर त्यांनी टेम्पो थांबवला. केस नीट केले, ओढणी झटकली, तळहातावर रुमाल गुंडाळला आणि सायकल हातात धरून चालत फाटकातून आत गेल्या. आत माझे आईवडील, ऑफिसातली मंडळी, आधीच पोचलेले यात्रेकरू, झेंडूचे हार, कॉलनीतल्या बायका. टाळ्या वाजल्या. त्यांनी हार घालून घेतला, सगळ्यांना चहा पाजला आणि मगच बक्षी सरांना आपल्या बाल्कनीत नेऊन सांगितलं.

बक्षी सर सरळ मनाचे माणूस. ते गहिवरले. म्हणाले, "मैडम, आप मेटाडोर में आगे बैठिए. कन्याकुमारी तक चलिए हमारे साथ. समुद्र तो देखेंगी."

"मैं सामान थोड़े ही हूँ, बक्षीजी," मार्थाताई म्हणाल्या. "आप लोग जाइए. मेरे भाई के घर खाना खाकर जाना. उसको बता दूँगी मैं."

दुसऱ्या दिवशी पहाटे यात्रा निघाली तेव्हा त्या खाली आल्या. प्रत्येकाच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून बघितली. शेवटची सायकल मथुरेच्या दिशेने वळेपर्यंत उभ्या राहिल्या, मग वर जाऊन अंघोळ केली आणि रजा रद्द करून ऑफिसला हजर झाल्या. बसने.

मार्च लागला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. नगरहून फोन येणार होता. आला. आधी भाऊ बोलला, मग बक्षी सर. बक्षी सरांचा आवाज इतका मोठा होता की मला पलीकडे ऐकू येत होता. त्यांनी भाकरीची स्तुती केली, चटणीची केली. मार्थाताई मध्येच म्हणाल्या, "वो सब ठीक है. राहुरी के बाद हवा कैसी थी?"

"बिल्कुल सामने से, मैडम. जान निकाल दी. दो लड़के तो उतरकर पैदल चले."

"और आप?"

"मैं नहीं उतरा. आपने कहा था ना."

मार्थाताईंनी डोळे मिटले. मग त्या एकेक विचारत गेल्या. गावात शिरताना उजवीकडे मोठं वडाचं झाड आहे का. नदीला पाणी होतं का. किल्ल्याच्या बाजूने आलात की बाजारातून. बक्षी सर आठवून आठवून सांगत होते आणि त्यांना नीट आठवत नव्हतं तिथे त्या स्वतःच सांगून टाकत होत्या आणि ते "हां हां, वही" म्हणत होते. त्यांनी फोन ठेवला. मी उठून दिवा लावला. त्या म्हणाल्या, "सगळं तिथेच आहे म्हणजे."

त्यानंतर त्यांनी सायकल चालवली नाही. गिअरची सायकल भाचीच्या मुलाला पाठवली, हिरवी मला दिली. ऑफिसला त्या निवृत्तीपर्यंत आल्या. शेवटी शेवटी फाइल डोळ्यांसमोर आडवी फिरवत वाचायच्या, पण शेरा दोन ओळींचाच. भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, दरवर्षी येऊन म्हणायची, मावशी, नगरला चला, एकट्या कशा राहणार. त्या टाळत होत्या. मला एकदा म्हणाल्या, "तिथलं सगळं मला अजून दिसतं, नीलू. अण्णांच्या मागे बसून पाहिलेलं. तिथे जाऊन राहिले की चाचपडावं लागेल, मग दिसायचं बंद होईल." तरी शेवटी त्यांना जावं लागलं. तिथेच वर्षभराने त्या गेल्या. मी तेव्हा गुडगावला राहायला गेले होते. भाचीच्या फोनवरूनच कळलं.

अजूनही त्या रस्त्याने जाताना मी गाडीत नकळत तोंडातल्या तोंडात बोलते. ट्रक. गेला. उसाची ट्रॉली. माझा मुलगा विचारतो, मम्मी, किससे बात कर रही हो. शेतं आता मागे हटलीत, मध्ये गोदामं आणि हॉटेलं उभी राहिली आहेत. कुठे एखादा पिवळा तुकडा दिसला की फुलावर आहे की शेंग धरलीय हे मला आता ओळखता येतं, पण सांगायला कुणी नाही.

त्या दिल्ली सोडून जायच्या थोडं आधी मी त्यांना पाहिलं होतं. तेच शेवटचं, हे तेव्हा माहीत नव्हतं. थंडीतली दुपार होती. मी आईकडे जायला बसमध्ये होते आणि बस मयूर विहारच्या अलीकडच्या मोठ्या चौकात सिग्नलला थांबली होती. खिडकीतून बघितलं तर पलीकडच्या फूटपाथवर मार्थाताई, हातात पांढरी काठी, अंगात तो लोकरी कोट. शेजारी कॉलेजातली असावी अशी एक मुलगी, पाठीला दप्तर, शहरात नवीन असणार. ती एक पाऊल टाकायची, स्कूटर आली की मागे घ्यायची. पुन्हा टाकायची. मला वाटलं, ती मार्थाताईंना रस्ता ओलांडून देणार आहे.

मार्थाताईंनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने त्या मुलीचं मनगट धरलं आणि जरा मान वाकडी करून रहदारीचा आवाज ऐकला. मग काठी आडवी उंच धरली आणि निघाल्या. सावकाश नाही, त्यांच्या नेहमीच्या चालीने. एक टेम्पो करकचून थांबला, त्याच्यामागे बस, बसमागे सगळं. मुलगी त्यांच्या मागे ओढली जात होती, डोळे घट्ट मिटून. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण आमचा सिग्नल हिरवा झाला आणि बस पुढे गेली. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा त्या दोघी दुभाजकावर पोचल्या होत्या आणि मार्थाताई उरलेल्या अर्ध्या रस्त्याकडे कान लावून उभ्या होत्या.